मेलेल्यांच्या पानावर येफिम

आमच्या ग्लिनिश्चे गावच्या पाद्रीबाबांना दोनच गोष्टींची भीती वाटायची. एक बायकोची आणि दुसरी वरून येणाऱ्या कागदाची. झार गादीवरून उतरला त्या वर्षी, ईस्टरआधीच्या उपासांत असाच एक कागद आला की यापुढे प्रार्थनेत झारचं नाव घ्यायचं नाही. तीस वर्षं जिभेला पडलेलं वळण एका कागदानं थोडंच सुटतं? त्या रविवारी त्यांनी अर्धं नाव उच्चारलं, घाबरले, जोरात खोकले आणि खोकत खोकतच पुढच्या ओळीवर गेले. झार गेला हे आम्हाला त्या खोकल्यातून कळलं.

मला त्याचं सोयर ना सुतक. त्यानं माझा नवरा जपान्यांच्या लढाईत घालवला आणि एकुलता एक मुलगा जर्मनांच्या लढाईत नेला. जाताना दोन्ही वेळा बँड वाजला होता. तेव्हा झारासाठी मी रडले असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. पण त्याच्या जागी जे आले त्यांच्याविषयीही मला प्रेम नाही, हे आधीच सांगून टाकते. आगीतून निघालो आणि फुफाट्यात पडलो, एवढंच झालं.

मुलाचं नाव येफिम. पलाशाशी त्याचं लग्न लावून दिलं आणि सहाच महिन्यांत त्याला फौजेत बोलावणं आलं. पहिल्या वर्षी पाच पत्रं आली, दुसऱ्या वर्षी दोन. शेवटचं पत्र, याची बोटं गारठली होती म्हणून, कुणा सोबत्यानं लिहून दिलेलं होतं, त्यात थंडीचं आणि उवांचं वर्णन होतं. मग काही नाही. घरात मी आणि सून, दोघीच. दीड वर्ष आम्ही एका चुलीपाशी बसून एकमेकींच्या चुका काढल्या. ती सार खारट करायची, मी जास्त बोलायचे. पण रोज संध्याकाळी ती फाटकाशी जाऊन उभी राहायची, आणि मी खिडकीतून तिच्याकडे बघत राहायचे, हेही खरं.

आता त्या चोपडीचं सांगते, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. आमच्याकडे दर घराची एक चोपडी असते, तळहाताएवढी. डाव्या पानावर जिवंत माणसांची नावं, उजव्या पानावर मेलेल्यांची. ती चर्चमध्ये द्यायची. पाद्रीबाबा नावं वाचतात, डावीकडच्यांसाठी आयुष्य मागतात, उजवीकडच्यांसाठी शांती. जिवंत माणसाचं नाव चुकून उजवीकडे पडू नये म्हणून बायका फार जपतात. आणि त्याच बायकांना हेही ठाऊक असतं की कधीकधी ते मुद्दाम घालायचं असतं.

मला ते म्हाताऱ्या डोम्नानं सांगितलं. नदीवर धुणं धूत होतो.

“अगं, तीन शनिवार घाल त्याला मेलेल्यांत,” ती म्हणाली. “जिवंत माणसासाठी मेलेल्याची प्रार्थना झाली ना, की त्याच्या पायाखालची जमीन तापते. जेवण गोड लागत नाही, झोप लागत नाही. घराची अशी ओढ लागते की बास. एकतर माणूस येतो, नाहीतर पत्र.”

“आणि तो खरंच मेला असला तर?”

“तर मग प्रार्थना वाया तरी जात नाही,” डोम्ना म्हणाली आणि चादर पिळायला लागली. “पण कुणाला सांगायचं नाही हां. सांगितलं की उतरतं.”

झार गेल्याला वर्ष झालं होतं, पुन्हा उपास लागले होते, आणि उपासांत तीन शनिवार मेलेल्यांचेच असतात. मी चोपडी घेऊन पाफनूतीकडे गेले. पाफनूती म्हणजे चर्चची घंटा वाजवणारा. पाद्रीबाबांचं लिहिण्याचं कामही तोच करायचा, कारण बाबांची बोटं संधिवातानं आखडली होती. मला अक्षर येत नाही. मी सांगितलं, डावीकडचा येफिम खोड आणि उजवीकडे लिही. त्यानं टाक थांबवून माझ्याकडे बघितलं.

“काकू, खबर आली?”

“तुला काय करायचंय? लिही.”

त्यानं लिहिलं. मी त्याला चार अंडी दिली. पलाशाला बोलले नाही. तीन शनिवार मी मेणबत्ती धरून उभी राहिले, पाद्रीबाबांनी तीनदा “शिपाई येफिम” वाचलं. येफिम काही आला नाही. पत्रही आलं नाही.

त्या वसंतात जनरलीणबाईच्या, म्हणजे आमच्या गावच्या जमीनदारणीच्या, जमिनीची वाटणी निघाली. बाई थंडीतच दक्षिणेकडे पळाली होती. तिचं सामान आधीच वाटून झालं होतं. दिवाणखान्यातला मोठा आरसा कुणा एकाला द्यायचा कसा, म्हणून गावानं तो फोडून घरटी एकेक तुकडा दिला. माझ्या तुकड्यात एक डोळा आणि अर्धं नाक दिसायचं. पण जमीन आरशासारखी फोडून चालत नाही. नदीकाठची काळी जमीन होती, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशी. तिच्यावर आमच्या आजोबांनी फटके खाऊन वेठबिगार केली होती. ठरलं असं, की घरात खाणारी तोंडं जितकी तितके वाटे. लढाईवरून न परतलेला शिपाई मेल्याची खबर येईपर्यंत तोंडच धरायचा. म्हणजे माझे तीन वाटे. तीन वाट्यांत वर्षभर काळी भाकर मिळते आणि घर उभं राहतं. येफिम आला की त्याला नांगर धरायला काहीतरी हवं होतं, माझा सगळा जीव त्यातच होता.

गावकी त्याच दिवाणखान्यात भरली. जमीन समितीचा अध्यक्ष होता निकानोर. हा जनरलीणबाईचा गाडीवान. बाईची गाडी यायची तेव्हा वाटेतल्या माणसांवर चाबूक ओढणारा. आता छातीवर लाल फीत लावून बाईच्याच खुर्चीत बसला होता. चाबूक त्यानं सोडला नव्हता, टेबलावर ठेवला होता.

“उस्तिन्या लारियोनोव्ना! तोंडं किती?”

“तीन.”

“मला दोन दिसतायत.”

“प्यायलास की तुला चार दिसतात. आज कमी घेतलीस वाटतं.”

लोक हसले. निकानोरचे कान लाल झाले. मला बरं वाटलं. माझा स्वभावच असा, आधी बोलून घ्यायचं आणि मग भोगायचं.

“येफिमचं पत्र आहे?” त्यानं विचारलं.

“वाटेत असेल. तुमच्या राज्यात टपाल चालतंय कुठं?”

“पत्र वाटेत आहे म्हणे!” तो लोकांकडे वळला. “कॉम्रेड्स, आपला देवाबिवावर विश्वास नाही. पण काकूंचा आहे ना? तर मग आपण काकूंच्याच देवाला विचारू. पाफनूती, ती पेटी आण बरं.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाफनूतीच्या पोटात दारू राहते, गोष्ट राहत नाही. ईस्टरनंतरच्या मंगळवारी सगळा गाव कबरींवर जातो, तोवर सगळ्या घरांच्या चोपड्या चर्चच्या पेटीतच असतात. पाफनूतीनं पेटी आणली. माझ्याकडे न बघता त्यानं माझी चोपडी काढली.

“वाच. जिवंत कोण?”

“उस्तिन्या. पेलागेया,” पाफनूती पुटपुटला. पेलागेया म्हणजे आमची पलाशा.

“आणि मेलेले?”

“लारियोन, अकुलीना, सव्वा…” माझे वडील, माझी आई, माझा नवरा. “शिपाई येफिम.”

पलाशा माझ्या शेजारीच उभी होती. तिनं माझी बाही धरली.

“आत्याबाई, हे काय? कधी आली खबर?”

“खबर नाही गं आली.”

“मग नाव तिकडं कसं?”

“ओढून आणायला घातलं होतं,” मी हळूच म्हटलं. “तुला नाही सांगितलं, सांगितलं की उतरतं.”

तिनं बाही सोडली.

“खोटं बोलताय,” ती म्हणाली. तिचा आवाज चढत गेला. “तुम्हाला माहीत होतं. मी रोज फाटकाशी जाऊन उभी राहते, तुम्ही खिडकीतनं बघत होतात, आणि आत चोपडीत तो मेलेला! लाकडं फोडायला, पाणी ओढायला फुकटची घोडी पाहिजे होती ना घरात? विधवा झाले असते तर गेले असते माहेरी, म्हणून दाबून ठेवलंस! तू आई आहेस का कोण आहेस गं?”

चार वर्षांत तिनं मला कधी ‘तू’ म्हटलं नव्हतं. सगळ्या गावासमोर म्हटलं. मी पाद्रीबाबांकडे वळले. ते दाराशी उभे होते, टोपी हातात घेऊन, पकडलेल्या चोरासारखे.

“बाबा, तुम्ही तरी सांगा यांना! तुम्हाला माहीत नाही का बायका असं करतात ते?”

“जिवंत माणसासाठी मेलेल्याची प्रार्थना करणं हे पाप आहे,” बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. “मी ते कधी केलेलं नाही.”

“म्हणजे तुम्ही ज्याच्यासाठी प्रार्थना केली तो मेलेला,” निकानोर म्हणाला. “बरोबर ना, पाद्रीबाबा?”

“जे लिहिलेलं होतं ते मी वाचलं.”

बाबांना तरी काय बोलायचं होतं? त्यांच्या डोक्यावर कधीही कागद येऊन आदळला असता. पण मला त्या वेळी त्यांची दया आली नाही, आजही येत नाही. मी डोम्नाला शोधलं. ती पुढच्याच बाकावर बसून आपल्या बुटांकडे बघत होती. तिनं एक शब्द काढला असता तर निम्म्या बायका माना डोलावून म्हणाल्या असत्या, हो, असं करतात आमच्यात. कुणी काढला नाही. आणि तिथं माझं डोकं फिरलं.

“डोम्ना! खाली काय बघतेस? तूच शिकवलंस ना मला? तुझा पोरगा लुका कुठल्या पानावर आहे, सांग की! आणि फ्योक्ला, तुझा नवरा? गेल्या शनिवारी माझ्या शेजारी उभी राहून रडत होतीस, ते काय होतं?”

तोंडातून गेलं ते गेलं. निकानोर माझ्याकडे बघून हसला, अगदी प्रेमानं हसला.

“धन्यवाद, काकू. पाफनूती, सगळ्या चोपड्या काढ.”

संध्याकाळपर्यंत वाचन चाललं. नऊ घरं निघाली. नऊ बायकांनी आपापल्या माणसाला ओढून आणायला मेलेल्यांत घातलं होतं. एकीनं छातीवर क्रॉस काढून शपथ घेतली, दुसरी निकानोरच्या पायाशी बसली. त्यानं सगळ्यांना एकच उत्तर दिलं: “तुमच्याच देवाच्या दप्तरात आहे, बायांनो, मी काय करू?” नऊ तोंडं यादीतून गेली. नऊ वाटे ‘गरजूंना’ मिळाले, आणि त्या गरजूंत पहिले दोन निकानोरचे भाऊ होते. बाहेर पडताना फ्योक्ला माझ्या शालीवर थुंकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फरक एवढा की मी माझ्याबरोबर आठ जणींचेही हात दाखवले.

पलाशा विधवा ठरली. विधवेचा वाटा तिचा तिचा. तिनं आपली पेटी बांधली आणि माहेरी गेली. दीड महिन्यानं तिनं निकानोरच्या बिजवर भावाशी, तिखोनशी लग्न केलं. मला राग आला, तसाच तो अजूनही आहे. पण ती रोज फाटकाशी उभी राहायची, ते मी पाहिलं होतं. म्हणून तिच्या लग्नाच्या दिवशी तिच्या दाराशी जाऊन घालायच्या म्हणून मी शिव्या जमवून ठेवल्या होत्या, त्या घातल्या नाहीत.

गवत कापायच्या दिवसांत त्या नवांपैकी तिघे जण चालत चालत गावात आले. धडधाकट. लुकाही आला. त्यांनी जमीन मागितली तर निकानोर म्हणाला, वाटणी झाली, पुढच्या वाटणीला या. त्यांच्या बायका मला विहिरीवर बघून बादल्या उचलून निघून जायच्या. बायका म्हणायच्या, बघा, ओढलं की येतात. मला कुणी म्हणत नव्हतं, कारण माझा आला नव्हता.

काळ्या भाकरीची राय कापून झाली तेव्हा शहरातून धान्याची पथकं यायला लागली. शहरात लोक उपाशी आहेत म्हणे. आमच्याकडे आले ते आठ जण होते. दोन गाड्या, बंदुका आणि निकानोरची यादी. दर तोंडामागे ठरलेलं धान्य ठेवायचं, बाकीचं उचलायचं. माझ्याकडे तीन पोती होती. एक माझं. दोन मी लोकांच्या शेतात कापणीला राबून मिळवलेली, येफिमसाठी ठेवलेली. हो, तरीही ठेवलेली. कुणाला हसायचं असेल तर त्यानं हसावं.

ते फाटकातून आत आले. पुढचा माणूस जरा लंगडत होता. कातडी टोपी, तिच्यावर तारा. त्यानं फाटकाची कडी न बघताच मागच्या मागे लावली. ती कडी वरून दाबून मग खाली ओढावी लागते. परक्या माणसाला ते माहीत नसतं.

मी पायरीवरून उठलेच नाही.

त्यानं यादी काढली. यादीतच बघत विचारलं, “तोंडं किती?”

“येफिम,” मी म्हटलं.

“तोंडं किती, विचारलं.”

“दोन. एक माझं, एक समोर उभं आहे ते.”

“कागदावर एकच आहे.”

“कागद निकानोरनं लिहिलाय!”

“कागद तुझ्या चोपडीवरून लिहिलाय, आई,” येफिम म्हणाला. “त्यानं मला सगळं सांगितलं. पलाशाचंही.”

म्हणजे हा गावात येऊन आधी निकानोरकडे गेला होता. पथकातला एक पांढऱ्या मिशांचा माणूस, कारखान्यातला कामगार असावा, पुढे आला.

“अरे, ही तुझी आई? मग सांगायचं नाही का? राहू दे एक पोतं. मी दोन तोंडं लिहितो, कोण बघतंय?”

“सगळं गाव बघतंय,” येफिम म्हणाला. “फ्योक्लाच्या घरातनं घेतलं, आईच्या घरातनं सोडलं, असं नको व्हायला. कोठार उघडा.”

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय. तरी मी उठले आणि त्याच्याजवळ गेले. बारीक झाला होता. कानामागे एक जखम भरलेली दिसत होती. मी म्हटलं, “तुला ओढून आणायला घातलं रे मी ते नाव. तीन शनिवार उभी राहिले. दुसरं काही नव्हतं माझ्या हातात.”

“तेव्हा मी पेन्झाला इस्पितळात होतो. तापात. डॉक्टरनं वाचवलं. तुमच्या या भोंदूपणाच्या भरवशावर असतो तर मेलोच असतो.”

“पेन्झाला?” मी म्हटलं. पेन्झा आमच्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर आहे. “पेन्झाला कधीपासून होतास?”

“नाताळापासून.”

“लिहिता येत नव्हतं?”

“येत होतं.”

“मग?”

तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. “काय लिहू? मी पार्टीत गेलो ते? ते पत्र तू कुणाकडनं वाचून घेतलं असतंस? पाद्र्याच्या पाफनूतीकडनंच ना? म्हटलं, सगळं नीट बसलं की स्वतःच येईन. थोडे महिने इकडं तिकडं, त्यानं काय होतंय?”

त्यानं काय होतंय! एक ओळ पुरे होती. ‘जिवंत आहे’ एवढीच. पाफनूतीनं वाचली असती तरी, निकानोरनं वाचली असती तरी. ती ओळ गावकीत टेबलावर ठेवली असती तर तीन वाटे माझे होते, सून माझी होती, आठ घरं माझ्या नावानं खडे फोडत नसती. हात धड असताना, शाई असताना, दोन दिवसांच्या वाटेवर पडून असताना यानं ती लिहिली नव्हती. आणि हा मला भोंदू म्हणतोय.

“मेलेल्याला कसली भाकर?” येफिम साथीदारांना म्हणाला. त्याला वाटलं तो विनोद करतोय. “उचला रे ती दोन.”

मी त्याच्या थोबाडीत दिली. सगळ्या ताकदीनं दिली. टोपी खाली पडली. त्याचा गाल गरम होता, दाढीची खुंटं माझ्या हाताला टोचली. चार वर्षांत मी माझ्या मुलाला हात लावला तो हा असा. बाकीचे बंदुका सावरत पुढे सरकले. त्यानं हात वर करून त्यांना थांबवलं, टोपी उचलली, आणि पहिलं पोतं स्वतःच्याच पाठीवर घेतलं.